मॉसच्या पानात राहणारे नायट्रोजनवाले जीवाणू कसे बघायचे: खान्देशात राहून, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपवर

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २० किलो नायट्रोजन असतो, आणि तो हवेतून खेचून काढायला कारखान्यात ४०० अंशांच्या आसपास तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. तोच नायट्रोजन आपल्याकडे श्रावणात ओल्या दगडावर, बांधावर, विहिरीच्या कठड्यावर बसलेले जीवाणू साध्या हवेत, साध्या दाबात पकडतात, आणि त्यातले काही मॉससारख्या बारक्या वनस्पतींच्या आधाराने राहतात. हरभऱ्याच्या नि तुरीच्या मुळावरच्या गाठी शेतकऱ्याच्या पोरापोराला माहीत असतात, पण हे दुसरं प्रकरण बॉटनी घेऊन बीएस्सी झालेल्यांनीही बहुतेक पुस्तकातल्या आकृतीतच बघितलेलं असतं. कारण फोटो सगळे स्वीडन-फिनलंडचे, त्यामुळे आपल्या उन्हाच्या मुलखात हे नसणारच असं आपणच ठरवून टाकलेलं.

तर हा लेख त्यासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही राहत असाल तरी जुलै ते ऑक्टोबरमध्ये हे करता येतं. सांगतो ते सगळं सावकाश करायचं, एका रविवारात उरकायचं काम नाही हे.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर मायक्रोस्कोपखाली काय बघतोय तेच कळणार नाही

आपल्याला शोधायचेत ते सायनोबॅक्टेरिया, शेतीच्या पुस्तकात ज्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते. नाव शेवाळ असलं तरी हे जीवाणूच. सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न बनवतात आणि यांच्यातले बरेच जण हवेतला नायट्रोजनही पकडतात. भाताच्या खाचरात हे काम तेच करतात हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं होतं, म्हणजे नवापूरकडच्या भातशेतीवाल्यांच्या खाचरात हे पाहुणे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमचं नाव नायट्रोजिनेज. त्याचं एक मोठं दुखणं आहे, ऑक्सिजन लागला की ते निकामी होतं. आता गंमत बघा, सायनोबॅक्टेरिया स्वतःच प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतात, मग हे एन्झाइम ठेवायचं कुठे? नॉस्टॉक, अ‍ॅनाबीना या सायनोबॅक्टेरियांनी तोडगा काढलाय. त्यांच्या पेशी एकापुढे एक साखळीत असतात आणि त्यातल्या काही पेशी जाड भिंतीच्या होतात, ऑक्सिजन सोडणारा भाग बंद करतात आणि फक्त नायट्रोजनचं काम करतात. या पेशीला हेटरोसिस्ट म्हणतात. काम महागडं आहे, नायट्रोजनचा एक रेणू फोडायला निदान १६ एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) जातात, म्हणून फुकटात नायट्रेट मिळत असेल तर ते हेटरोसिस्ट बनवायच्या भानगडीतच पडत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे प्रयोगात याचाच उपयोग करायचाय.

आता मॉसकडे. उत्तरेकडच्या थंड जंगलात जमिनीवर फेदर मॉसचा जाड गालिचा असतो, त्यातल्या प्लुरोझियम श्रेबेरी नावाच्या मॉसच्या पानात नॉस्टॉक राहतो आणि वर्षाला हेक्टरी दीड ते दोन किलो नायट्रोजन जंगलाला मिळवून देतो असं २००२ मध्ये नेचर मासिकात छापून आलं. त्याआधी त्या जंगलाला नायट्रोजन येतो कुठून याचा हिशोबच नीट लागत नव्हता. दोन किलो म्हणजे जेमतेम सव्वाचार किलो युरिया, आपल्याला हसू येईल, पण जिथे कोणी गोणी टाकायला येत नाही तिथे शेकडो वर्षांच्या हिशोबात तेच मोठं भांडवल. हा आकडा तिथल्या जंगलाचा, तो उचलून आपल्या साग-अंजनाच्या जंगलाला लावायचा नाही. आपल्याकडे मॉस आठ महिने वाळून कोळ होऊन पडलेलं असतं.

नंतर असंही दिसून आलं की नायट्रोजनची चणचण असली की हे मॉस पाण्यात काही रसायनं सोडतं आणि त्या वासावर नॉस्टॉकचे सरपटणारे छोटे तुकडे, हॉर्मोगोनिया म्हणतात त्यांना, मॉसकडे येतात. म्हणजे नुसता योगायोगाने शेजार नाही, बोलावणं जातं.

सुरुवात मॉसपासून करू नका

हे माझं ठाम मत आहे. बहुतेक जण थेट भिंतीवरचं मॉस खरवडतात, स्लाइडवर टाकतात, काहीतरी हिरवं-हिरवं दिसतं, आणि कंटाळून सोडून देतात. क्रम असा ठेवा: पहिले अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारकं नेचं, मग हॉर्नवर्ट, म्हणजे मॉसच्या नात्यातली जमिनीला चिकटून वाढणारी शिंगांची वनस्पती, आणि सगळ्यात शेवटी मॉस.

कारण या तिघांच्या घरात जीवाणूचं स्थान वेगवेगळं आहे. अझोलात तो घरजावई आहे, पानाच्या आतल्या खोलीत राहतो, पिढ्यान्‌पिढ्या सोबतच जातो आणि बाहेर एकटा जगू शकत नाही. हॉर्नवर्टमध्ये तो भाडेकरू, दरवेळी मातीतून नवा येतो पण खोली आतली मिळते. आणि मॉसमध्ये तो ओट्यावर येऊन बसणारा, पानाच्या खोलगट बुडाशी टेकतो, त्यामुळे तो रोजचा आहे का आज पावसाने वाहत येऊन बसलाय हे ओळखणंच खरं काम. घरजावई ओळखायला अक्कल लागत नाही. ओट्यावरचा ओळखायला लागते.

सामान

१० किंवा २० पटीचं हँडलेन्स, चिमटा, दोन सुया, जुना मऊ टूथब्रश, बोथट चाकू, पाण्याची स्प्रे बाटली, वर्तमानपत्राची घडी घालून केलेली पाकिटं, एक जुना जेवणाचा डबा, पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते. मायक्रोस्कोप १०चा आयपीस आणि ४०चं ऑब्जेक्टिव्ह असलेला, म्हणजे ४०० पट, कॉलेजच्या लॅबमध्ये हाच असतो. कागदी फोल्डस्कोप असेल तर तो १४० पटीपर्यंत दाखवतो, त्यात साखळी दिसेल पण हेटरोसिस्ट ओळखायला डोळ्यांना ताण पडेल. नॉस्टॉकची एक पेशी साधारण ४-५ मायक्रॉनची, त्यामुळे ४०० पट मिळाली तर उत्तम.

मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली घेऊन ठेवा. ती पुढे लागेल.

पहिला धडा: अझोला

दूधधंदा करणाऱ्या कोणाकडे तरी गावात अझोलाचा वाफा असतोच, सिल्पोलिन कागद टाकून केलेला. मूठभर मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. फक्त एप्रिल-मे मध्ये जाऊ नका, आपल्या ४४-४५ अंशांत सावली नसलेला वाफा लालसर पडून मरगळलेला असतो.

अझोलाचं एकेक पान दोन पाळ्यांचं असतं, खालची पातळ, पाण्याला टेकलेली, आणि वरची जाडसर हिरवी. जीवाणूची खोली वरच्या पाळीत. एक फांदी स्लाइडवर पाण्याच्या थेंबात घ्या, हँडलेन्सखाली सुईने वरची पाळी वेगळी करा, कव्हरस्लिप ठेवून बोटाने हलकं दाबा. पाळी फुटली की निळसर-हिरव्या पेशींच्या साखळ्या बाहेर पसरतात. तोच अ‍ॅनाबीना.

आता इथे वेळ घालवा. साखळीत मध्ये-मध्ये एखादी पेशी थोडी मोठी, फिकट पिवळसर, रिकामी-रिकामी वाटणारी, जाड कडेची दिसेल आणि शेजारच्या पेशीला जोडते तिथे चमकदार ठिपका असेल. हा हेटरोसिस्ट. फांदीच्या टोकाचं कोवळं पान आणि बुडाकडचं जून पान दोन्ही फोडून बघा, टोकाला हेटरोसिस्ट जवळजवळ नसतात आणि जून पानात चार-पाच पेशींमागे एक इतके भरपूर होतात. हे एकदा डोळ्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, न बसवता पुढे गेलात तर मॉसमध्ये काहीही हेटरोसिस्ट वाटायला लागेल.

दुसरा धडा: हॉर्नवर्ट

कधी जायचं? पोळ्यापासून नवरात्रापर्यंत. त्याआधी ही वनस्पती असते पण शिंगं आलेली नसतात त्यामुळे ओळखता येत नाही.

कुठे? काळ्या कपाशीच्या रानात नको, ती माती फुगते-भेगाळते, तिच्यावर काही टिकत नाही. मुरूम किंवा लालसर माती पाहिजे, ओली, सावलीची, उभी कापलेली. सातपुड्याच्या पायथ्याचे ओढ्याकाठचे उतार, तोरणमाळकडे जाताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडी, पाल-मनुदेवीच्या बाजूचे नाले, चाळीसगावकडे पाटणादेवीचा भाग, धुळ्याजवळ लळिंगची उत्तरेकडची बाजू. नंदुरबारचा पश्चिम भाग पाऊस जास्त म्हणून जास्त बरा. तोरणमाळ जवळजवळ ११५० मीटर उंचीवर आहे, धुकं उतरतं, तिथे ऑक्टोबरपर्यंत ओल टिकते आणि झाडांच्या बुंध्यावरही मॉस चढलेलं असतं जे खाली जळगावात क्वचित.

परवानगीचं आताच सांगतो. यावल अभयारण्य असो नाहीतर गौताळा, अभयारण्याच्या आतून काहीही उचलायचं तर वन्यजीव कायदा १९७२ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, चिमूटभर मॉस असलं तरी. आत फक्त बघा, फोटो काढा. नमुना घ्यायचा तर ओळखीच्याच्या शेताच्या बांधावरून, विचारून. आणि बांधावर ओणवं होऊन माती हुंगत बसलेला माणूस दिसला की कोणीतरी येणारच, "काय धुंडी ऱ्हायनात भाऊ?" तेव्हा त्यांना लेन्समधून दाखवा, निम्म्या वेळा तेच पुढची चांगली जागा सांगतात. एक अजून, दगड उचलायला थेट हात घालायचा नाही, आपल्याकडे फुरसं आहे, काठीने उलटवायचा.

हॉर्नवर्ट ओळखायचं कसं? जमिनीला चिकटलेला, गडद हिरवा, चकतीसारखा पसरलेला, कडा कातरलेल्या. मध्ये शीर नाही. आणि वरती उभी हिरवी शिंगं, दोन-तीन सेंटिमीटरची, पिकली की टोकाकडून दोन फाकांत उघडतात. बाजूलाच रिक्सिया हा तसाच चपटा दुसरा प्रकार असेल, तो वाय अक्षरासारखा फाटे फुटत जातो आणि मधोमध खाच असते, त्याला शिंगं नसतात. हॉर्नवर्टच्या शिंगातले बीजाणू काळपट असतील तर अँथोसेरॉस, पिवळे असतील तर फिओसेरॉस. आपल्या कामाला दोन्ही चालतात. शिंगं आडवी पडून कडेच्या बाहेर जेमतेम डोकावत असतील तर नोटोथायलस असू शकतो, तोही चालतो.

बोटाच्या नखाएवढा तुकडा मातीसकट चाकूने उचला, डब्यात ओल्या कागदावर ठेवा. घरी आणून टूथब्रशने खालची माती पाण्यात हळू झाडा. मग उलटा करून उजेडासमोर धरा. हिरव्या पटलात काळपट-निळे ठिपके दिसतील, टाचणीच्या टोकाएवढे किंवा त्याहून लहान, नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दिसतात. तो एकेक ठिपका म्हणजे नॉस्टॉकची वसाहत. खालच्या बाजूला बारीक फटी असतात, त्यात चिकट द्रव असतो, हॉर्मोगोनिया तिथून आत शिरतात आणि आत गेल्यावर वाढतात.

ठिपका सुईने फोडा, स्लाइडवर घ्या. अझोलासारख्याच साखळ्या, पण जास्त वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या. हॉर्नवर्टच्या स्वतःच्या पेशीही बघून ठेवा, अँथोसेरॉसच्या प्रत्येक पेशीत बहुधा एकच मोठा क्लोरोप्लास्ट, म्हणजे हिरवा दाणा, असतो. त्यामुळे कोण यजमान आणि कोण पाहुणा यात गोंधळ होत नाही. जवळच मुरमाड जमिनीवर पाऊस पडून गेल्यावर जेलीसारखे हिरवट-तपकिरी गोळे दिसतात बघा, गुरं चारणारी पोरं पायाने उडवत असतात ते. तो मोकळा राहणारा नॉस्टॉक. तोही थोडा आणा, शेजारी ठेवून तुलना केली की कळतं, मोकळ्यात हेटरोसिस्ट दहा-वीस पेशींमागे एखादा, आणि हॉर्नवर्टच्या आतल्यात कितीतरी दाट. कारण आतला स्वतःपुरता नाही, यजमानासाठी पकडतोय.

तिसरा धडा: मॉस, आणि इथे घाई करायची नाही

ओट्यावर पाय घसरतो ते बुळबुळीत शेवाळ आपल्याला नकोय, मंदिराच्या भिंतीवर पावसाळ्यात ओघळणारे काळे पट्टेही नकोत, ते सायनोबॅक्टेरियाच पण मॉसशिवायचे. आपल्याला हवंय ते मखमली, बारीक-बारीक पानं दिसणारं. जुन्या विटांच्या भिंती, विहिरीचा कठडा, बेसॉल्टचा पाझरणारा खडक इथे बहुधा हायोफिला हा मॉसचा प्रकार भेटतो, वाळला की पानं आत गुंडाळून बसतो, स्प्रे मारा, बघता बघता उघडतो. शेकोटीच्या जुन्या राखेच्या जागेवर, ओल्या मातीवर फ्युनारिया, त्याचा लांब वाकडा देठ आणि टोकाला नासपतीच्या आकाराची डबी. झाडाच्या बुंध्यावर चिकटून आडवं पसरणारं मॉस दिसलं, जुना आंबा, मोह यांच्यावर बघा, तर ते नक्की घ्या, कारण ते जमिनीपासून लांब असतं आणि त्याला नायट्रोजन मुख्यतः पावसाच्या नि बुंध्यावरून ओघळणाऱ्या पाण्यातून, धुळीतून मिळतो. तिथे जीवाणूची गरज पटण्यासारखी.

नमुना घेताना जागा लिहा: कशावर होतं, कोणत्या दिशेला तोंड, रस्ता किती लांब, शेत किती लांब, शेवटचा पाऊस कधी झाला. शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या आणि नेमक्या त्याच लिहायच्या राहतात.

मॉस वाळलेलं आणलं असेल तर लगेच बघायला बसू नका. उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा मारून बशीत झाकून दोन-तीन दिवस खिडकीशी ठेवा, थेट ऊन नको. मॉस स्वतः लवकर जागं होतं पण त्यातले सायनोबॅक्टेरिया सावरून रंगावर यायला आणि नायट्रोजनचं काम सुरू करायला जास्त वेळ घेतात.

मग धुणं. इथेच ओट्यावरचा रोजचा कोण आणि वाटसरू कोण याची पहिली चाळणी होते. छोट्या बाटलीत चार-पाच शेंडे, स्वच्छ पाणी, झाकण, अर्धा मिनिट जोरात हलवा, पाणी ओतून द्या. तीनदा. पहिल्या धुण्याचं पाणी फेकू नका, त्याचा एक थेंब वेगळ्या स्लाइडवर बघा. जे धुऊन निघालं ते कोण होतं हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर जे राहिलं त्याला अर्थ काय.

आता शेंडा लेन्सखाली ठेवून चिमट्याने पानं एकेक करून बुडापासून सोला. मॉसचं पान शीर सोडली तर बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं असतं, काप घ्यायची गरज नाही, सरळ आरपार दिसतं, ही मोठी सोय. पान आतली, म्हणजे खोलगट बाजू वर करून ठेवा. टोकाकडे वेळ घालवू नका. पानाचं बूड, कोपरे, आणि जिथे पान दांड्याला मिठी मारतं ती जागा बघा. पाणी तिथे शेवटपर्यंत टिकतं आणि साखळ्या तिथेच घर करतात.

काय-काय दिसेल आणि काय समजायचं:

निळसर-हिरव्या गोल पेशींची साखळी, मध्ये हेटरोसिस्ट, भोवती चिकट पारदर्शक थर: नॉस्टॉक, हेच पाहिजे. जाड, खरोखर फाटे फुटलेली, तपकिरी आवरणाची दोरी: स्टिगोनिमा. तपकिरी आवरणातून साखळी मध्येच बाजूला बाहेर पडल्यासारखी, म्हणजे खोटा फाटा: सायटोनिमा, आपल्याकडे भिंतींवर भरपूर. एका टोकाला निमुळती होत जाणारी, दुसऱ्या टोकाला हेटरोसिस्ट: कॅलोथ्रिक्स. हे चारही कामाचे. चपट्या चकत्या रचल्यासारखी सरळ साखळी, हेटरोसिस्ट एकही नाही, आणि बघता बघता सरकते किंवा डुलते: ऑसिलॅटोरिया किंवा त्याचं भावकीतलं कोणी, वहीत वेगळं लिहा, मोजणीत धरू नका.

आणि फसवणारे? सगळ्यात जास्त फसवतात मॉसचे स्वतःचेच धागे. बीजाणूपासून निघणारा प्रोटोनिमा हिरवा धागाच असतो आणि मुळांसारखे तपकिरी धागेही पानांत अडकतात. ओळखायची खूण म्हणजे प्रोटोनिमाच्या जून भागात आणि त्या तपकिरी धाग्यांत आडव्या भिंती तिरक्या असतात, सायनोबॅक्टेरियात सरळ. शिवाय प्रोटोनिमाच्या पेशीत हिरवे दाणे सुटे-सुटे दिसतात, सायनोबॅक्टेरियात रंग सगळीकडे एकसारखा. सोनेरी-तपकिरी, काचेसारखे, नक्षीदार ते डायटम, एकाच पेशीचं शेवाळ. बिनरंगी धागे बुरशीचे.

शंका राहिलीच तर आयोडीन. टिंक्चर पाण्यात चहाच्या रंगापर्यंत पातळ करा, कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा, आपोआप ओढलं जातं. हिरव्या शेवाळात आणि मॉसच्या पेशींत स्टार्च असतो तो निळा-काळा होतो. सायनोबॅक्टेरियात ग्लायकोजेन, ते तपकिरीवर थांबतात. दहा रुपयांची टेस्ट आहे पण भांडण मिटवते.

मोजणी करायची तर सोपी ठेवा. एका नमुन्याचे दहा शेंडे, प्रत्येकाची वरची, मधली, खालची तीन-तीन पानं, म्हणजे नव्वद पानं. प्रत्येक पानाला फक्त हो किंवा नाही, हेटरोसिस्टवाली साखळी बुडाशी आहे की नाही. पाकिटांवर जागेचं नाव न दिसता नुसता नंबर दिसेल असं मित्राकडून करून घ्या, कारण तोरणमाळचं पाकीट आहे म्हटलं की डोळे आपोआप जास्त शोधतात, माणसाचा स्वभाव आहे तो.

तुलना कशाशी? स्वीडनमध्ये असं आढळलंय की वर्दळीच्या रस्त्याच्या जवळ, जिथे गाड्यांच्या धुरातून नायट्रोजन पडतो, तिथे मॉसमधलं हे काम मंदावतं आणि रस्त्यापासून आत जाल तसं वाढतं. आयतं मिळालं की कोण कष्ट करेल. आपल्याकडे हे तपासायला रावेर-यावलचा केळीचा पट्टा काय भारी जागा आहे! एका बाजूला ड्रिपमधून खत चाललेल्या बागा, आणि काही किलोमीटरवर सातपुड्याचा पायथा. बागेच्या कडेच्या विहिरीवरचं मॉस आणि पायथ्याच्या खडकावरचं त्याच जातीचं मॉस, दोन्हीकडून पाच-पाच नमुने. जात तीच पाहिजे, नाहीतर फरक जातीचा की जागेचा ते सांगता येत नाही.

बशीतला प्रयोग

यासाठी कॉलेजची केमिस्ट्री लॅब हाताशी पाहिजे. बीजी-११ नावाचं द्रावण सायनोबॅक्टेरियासाठी जगभर वापरतात, त्यातला सोडियम नायट्रेट गाळला की बिन-नायट्रोजनचं द्रावण तयार. एका लिटरला: डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.०४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.०७५, कॅल्शियम क्लोराइड ०.०३६, सायट्रिक अ‍ॅसिड ०.००६, फेरिक अमोनियम सायट्रेट ०.००६, ईडीटीए ०.००१, सोडियम कार्बोनेट ०.०२ ग्रॅम आणि सूक्ष्म द्रव्यांचं द्रावण १ मिली. सूक्ष्म द्रव्यं टाळू नका, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि नायट्रोजिनेज त्याशिवाय चालत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेटमधून चिमूटभर अमोनियम जातंच, तेवढ्याने बिघडत नाही. दुसऱ्या बाटलीत हेच सगळं अधिक सोडियम नायट्रेट १.५ ग्रॅम. पाणी डिस्टिल्ड घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं नको, खताच्या पट्ट्यात त्यात नायट्रेट असण्याची शक्यता मोठी आणि मग प्रयोगाला अर्थच राहत नाही.

धुतलेले शेंडे दोन बशांत वाटून एकीत हे, एकीत ते द्रावण जेमतेम बुडेल इतकं घाला, झाकण ठेवा, उत्तरेच्या खिडकीशी २५ ते ३० अंशांत ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये खोली तापते, माठाच्या शेजारी ठेवलं तर बरं. तीन-चार आठवडे. दर आठवड्याला पानं काढून बघा.

नायट्रेटवाल्या बशीत साखळ्या वाढतील पण हेटरोसिस्ट कमी-कमी होत जातील. बिन-नायट्रोजनच्या बशीत टिकून राहतील. मग शेवटी नायट्रेटच्या बशीतल्या साखळ्या धुऊन बिन-नायट्रोजनच्या द्रावणात टाका आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघा, ठरावीक अंतराने नवे हेटरोसिस्ट उगवलेले दिसायला लागतात. लॅबमधल्या अ‍ॅनाबीनाला याला साधारण २४ तास लागतात, आपल्या रानातल्याला थोडे जास्त द्या. माझ्या मते पूर्ण खटाटोपातली बघण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि ती बघायला लागतो तो फक्त मायक्रोस्कोप.

यावरून काय म्हणता येतं? एवढंच की या पानावर राहणारा जीवाणू नायट्रोजन कमी पडला की पकडायची तयारी करतो. त्याने पकडलेला नायट्रोजन मॉसला मिळाला, असं यावरून म्हणता येत नाही. आणि इथेच बरेच प्रोजेक्ट वाहवत जातात, शेवटच्या पानावर थेट 'सातपुड्यातील मॉस जमीन सुपीक करते' लिहून मोकळे. त्यासाठी नायट्रोजन-१५ हा जड आयसोटोप हवेतून देऊन तो मॉसच्या पेशीत पोचला का हे मोजावं लागतं. किंवा निदान पकडण्याचा वेग बघायला अ‍ॅसिटिलीनची पद्धत असते, नायट्रोजिनेज अ‍ॅसिटिलीनचं इथिलीन करतं आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. ही दुसरी पद्धत वाचून कोणीतरी वेल्डिंगवाल्याकडून गॅस आणायचं मनात आणेल म्हणून सांगतो, घरी अजिबात नाही, अ‍ॅसिटिलीन भयंकर स्फोटक असतो. ज्या विभागात गॅस क्रोमॅटोग्राफ आहे तिथल्या सरांना-मॅडमना आपली मोजणी दाखवून विचारा, नव्वद पानांचा तक्ता समोर असला की बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

खत म्हणून मॉस गोळा करून शेतात टाकायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. हेक्टरी दोन किलो हे तिथल्या अखंड गालिच्याचं काम, आपल्याकडचं मॉस खरवडून काही मिळणार नाही, उलट ती जागा पुन्हा भरायला काही वर्षं जातील. शेतासाठी हवंच असेल तर अझोला करा, तो आठवड्याभरात दुप्पट होतो आणि गाय पण खाते.

नमुने ठेवायचे कसे

मॉस ठेवायला सगळ्यात सोपी वनस्पती. सावलीत वाळवा, दाबू नका, कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये कोंदट होऊन बुरशी धरते. पाकिटावर तारीख, गाव, तालुका, कशावर होतं, उंची माहीत असेल तर ती. हॉर्नवर्ट वाळवून चालत नाही, ठिपक्यांचा रंग जातो, तो ताजाच बघायचा आणि फोटो काढून ठेवायचे, मोबाइलचा कॅमेरा आयपीसला टेकवून निघतात चांगले. वाळलेलं मॉस मात्र पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेर सगळं करपलेलं असताना काढा, पाणी मारा, दोन-तीन दिवस थांबा आणि तीच मोजणी पुन्हा करा. पावसाळ्यातला आकडा नि हा आकडा एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहा, आणि मध्ये किती महिने कोरडं होतं तेही.